बारा नंबर – आज पोस्टमन

नवी सिस्टर त्या वृद्धाश्रमात नोकरीला लागली तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती, आणि संशय घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला तरी ती आधी तो उजेडाकडे धरून बघायची. दुकानदार जास्त गोड बोलला की घरी जाऊन पिशवीतला माल पुन्हा एकदा तपासायची.

हा स्वभाव ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. वडील लवकर गेले, तशी ती आणि आई भावाच्या घरी राहायला गेल्या. वहिनी तशी वाईट नव्हती, पण सरळ बोलणं तिच्या गावीच नव्हतं. "आज दार किती हळू लागलं" असं ती म्हणाली, की काल ते कोणी तरी आपटलं होतं असं समजायचं. "काहींना बाई चहा निवांत प्यायला मिळतो" म्हणाली, की आईने कप तसाच ठेवून ओट्याशी जायचं. त्या घरात मुलगी वाक्याच्या पोटातलं वाक्य ऐकायला शिकली आणि मग तिला साधं वाक्य ऐकूच येईनासं झालं. पुढे ती नर्स झाली, मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तिथे एका मैत्रिणीने "नेहमीचंच आहे गं, कर सही" म्हणून पुढे केलेल्या कागदावर तिने न वाचता सही केली, आणि हरवलेल्या औषधांचं बालंट तिच्यावर आलं. चौकशीत ती निर्दोष सुटली, पण नोकरीवरचं मन उडालं. आईला घेऊन तिने दोन खोल्यांचं वेगळं घर केलं आणि वृद्धाश्रमाची जाहिरात वाचून थेट मॅनेजरकडे अर्ज दिला.

इथेच पहिली मेख होती. त्याच जागेसाठी मोठ्या सिस्टरांच्या भाचीनेही अर्ज दिला होता. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या मुख्य नर्स. उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की जिन्याच्या तळाशी बोलल्या तरी गच्चीवर ऐकू जावा. मॅनेजरने त्यांना न विचारता नव्या बाईला घेतलं, त्यामुळे सगळा स्टाफ तिच्याकडे मॅनेजरचं माणूस म्हणून बघायला लागला. तिला हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण ती ड्यूटी रूममध्ये शिरली आणि चाललेलं बोलणं तिथेच थांबलं. कोणी तिचं नाव विचारलं नाही. "या नव्या सिस्टर" एवढीच ओळख झाली आणि तेच नाव पडलं.

ड्यूटी रूममध्ये एक पांढरा फळा होता. डाव्या बाजूला खोल्यांचे नंबर, आणि त्यांच्यापुढे जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीसाठी दोन शब्द लिहून ठेवायचे. फळा लहान, माणसं पुष्कळ, आणि मार्कर कायम सुकत आलेला. पहिल्या दिवशी तिने जे वाचलं ते असं होतं: 'तीन – रेडिओ. पाच – पोट. आठ – जावई. बारा – ठीक.' आणि खाली, रेघ मारून: 'उद्या साखर.'

यातलं तिला फक्त पोट समजलं. तीन नंबरमध्ये रेडिओ नव्हता, तिने जाऊन बघितलं. आठ नंबरच्या आजींनी लग्नच केलं नव्हतं, मग जावई कुठून आला. विचारावं असं मनात आलं, पण विचारलं की नवखेपणा उघडा पडतो आणि तो उघडा पडावा म्हणूनच हे असं लिहिलं असेल, असं तिला वाटलं. ती गप्प बसली. साखर मात्र तिला स्वच्छ कळली असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी तिचीच होती. तिने सगळ्या मजल्याचा चहा आणि नाश्ता थांबवला, सुया आणि कापसाचा ट्रे घेतला आणि एकेका आजी-आजोबांच्या बोटाला टोचत रक्तातली साखर तपासायला सुरुवात केली. मागे ट्रे धरून मामा चालत होते. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने वॉर्डबॉय. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी बॉयच.

निम्मा मजला झाला असेल, तेवढ्यात जिन्यावरून विश्वस्त मंडळी वर आली. त्यांनी बघितलं तर भुकेली, चिडलेली म्हातारी माणसं बोटांना कापूस धरून ओळीने बसलेली. एका आजोबांनी तर विश्वस्तांपुढेच विचारलं, की आता रक्त काढूनच चहा मिळणार का. मोठ्या सिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

नंतर उलगडा झाला. विश्वस्त येणार असले की एरवी कपाटात असणारी साखरेची काचेची भांडी टेबलांवर मांडली जात. एका वर्षी ती मांडली आणि एका आजोबांनी पाहुण्यांदेखत अख्खं भांडं खिशात रिकामं केलं. तेव्हापासून विश्वस्तांची भेट म्हणजे साखर. मामांनी हे सांगितलं तेव्हा ड्यूटी रूममध्ये सगळे पोट धरून हसले. नवी सिस्टर हसली नाही. मामा सबंध मजलाभर मागे ट्रे धरून फिरले आणि तोंडातून एक शब्द काढला नाही, हे तिच्या डोक्यात बसलं. तिने त्यांना कोपऱ्यात गाठून विचारलंच. ते म्हणाले, त्यांना वाटलं तिला वरून हुकूम असेल. मॅनेजरचा. तिला ते खोटं वाटलं. खरं तर मामांनी अगदी मनात होतं तेच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून फळ्यावरचा प्रत्येक शब्द तिला आपल्यासाठी खणलेला खड्डा वाटायला लागला. 'भांडी मोजा' असं कोणी लिहिलं की आपल्याला चोर म्हणतायत. 'पंखा बंद' लिहिलं की आपण काल तो चालू ठेवला होता का, हे ती आठवत बसे. घरी आईला सगळं सांगायची. आई म्हणायची, "अगं, असेल नुसता पंखा." पण वहिनीच्या घरात आयुष्य काढलेल्या आईचाही आवाज हे म्हणताना ठाम नसे.

बारा नंबरमध्ये घड्याळवाले आजोबा राहत. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवून म्हातारे झालेले, शांत, नेहमी कोट घालणारे. मनगटावर घड्याळ दिसलं की ते हात पुढे करायला सांगून आधी कानाशी धरत. त्यांचं सगळं ठीक होतं, फक्त गेल्या काही दिवसांत बोलता बोलता ते मधेच थांबायचे आणि दाराकडे बघायचे.

एका दुपारी ती पाळीवर आली तेव्हा फळ्यावर मोठ्या सिस्टरांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'बारा – आज पोस्टमन.'

तिला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक सरळ ओळ वाचायला मिळाली होती. आश्रमात पत्रं खाली ऑफिसात येत, आणि रजिस्टर पत्र असलं तर ज्याचं त्याने जाऊन सही करायची. आदल्याच आठवड्यात अकरा नंबरच्या आजी अशा खाली जाऊन आल्या होत्या. त्यामुळे दुपारच्या औषधांनंतर घड्याळवाले आजोबा कोट घालून, केस विंचरून, बुटांना पॉलिश करून जिन्याच्या जाळीच्या दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा तिला काहीच नवल वाटलं नाही.

"जरा खाली जाऊन येतो," ते म्हणाले. "माणूस थांबलाय."

"ओळखपत्र घेतलंत का? सही करावी लागेल."

त्यांनी खिसे चाचपले. ती त्यांच्या खोलीत गेली, टेबलाच्या खणातून आश्रमाचं ओळखपत्र काढलं, त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात घातलं आणि कंबरेच्या किल्लीने जाळीचं दार उघडून दिलं. आयुष्यभर दुसरा अर्थ शोधणाऱ्या बाईने एकदा पहिला अर्थ घेतला, तो नेमका इथे.

खाली फाटकावरचा पहारेकरी नव्या गाद्या उतरवून घेण्यात गुंतला होता. कोटातले नीटनेटके गृहस्थ बाजूने गेले, ते त्याला कोणाचे तरी नातेवाईक वाटले.

चहाच्या वेळी बारा नंबर रिकामा दिसला आणि धावपळ उडाली. मोठ्या सिस्टर जिन्यावरून ओरडत उतरल्या, मामा अनवाणीच फाटकाबाहेर धावले. नवी सिस्टर सांगत होती, की ते पोस्टमनकडे गेलेत, फळ्यावर लिहिलंय ना. तिच्याकडे बघून मोठ्या सिस्टरांनी नुसता कपाळाला हात लावला. ऑफिसात कोणी पोस्टमन आलाच नव्हता.

तास दोन तास सगळ्यांनी आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. नवी सिस्टर रस्ता ओलांडून बसथांब्यापर्यंत गेली, दिसेल त्याला कोटवाले आजोबा दिसले का म्हणून विचारत होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा ऑफिसात फोन आला. पलीकडच्या बाजारातला एक न्हावी बोलत होता. आजोबा त्याच्या दुकानाच्या पायरीवर अडखळून पडले होते. त्याने उचलून आत खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. कुठे जायचंय विचारलं तर त्यांना सांगता येईना, म्हणून त्याने कोटाच्या खिशात हात घातला आणि ओळखपत्र सापडलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. न्हाव्याने तोवर त्यांची दाढीही करून दिली होती, कारण ते आरशात बघून सारखे तेवढंच सांगत होते.

आजोबांना हॉस्पिटलात नेऊन प्लास्टर घालून आणलं. त्यांना अंथरुणावर टेकवून नवी सिस्टर ड्यूटी रूममध्ये आली आणि फळ्याकडे बघितलं. फळा स्वच्छ पुसलेला होता. नंबर तेवढे होते, पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. आजोबांचा मुलगा येऊन बसला होता आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर हवं होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, की त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. नवी सिस्टर म्हणाली, की लक्ष हा शब्दच नव्हता, पोस्टमन असं लिहिलं होतं. मग मामांनी खालमानेने सांगितलं. काही वर्षांमागे एक निवृत्त पोस्टमन इथे राहत. रोज दुपारी आपल्या जुन्या फेरीची वेळ झाली की ते उठून, कपडे करून, रिकामी पिशवी खांद्याला लावून निघत. दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा ते निसटले, आणि सापडले ते कालव्यात. तेव्हापासून कोणी जाण्याच्या तयारीत दिसलं, दाराकडे बघायला लागलं, की फळ्यावर लिहायचं: पोस्टमन. म्हणजे आज यांना दाराजवळ फिरकू देऊ नका.

मुलगा नव्या सिस्टरकडे वळून म्हणाला, की हे इथे सगळ्यांना माहीत आहे, मग तुम्हालाच कसं नाही? आणि माहीत असून दार उघडलंत का?

"माहीत असतं तर मी त्यांच्या खिशात ओळखपत्र कशाला घातलं असतं?" ती म्हणाली. "सहीसाठी घातलं."

मॅनेजरने तिला ताकीद दिली, मोठ्या सिस्टरांनाही दिली, आणि प्रकरण मिटवलं. पण फळा कोणी पुसला, हे त्याने विचारलं तेव्हा सगळे मूग गिळून बसले.

नव्या सिस्टरच्या मनातली पाल मात्र चुकचुकतच राहिली. लिहिणारी मोठी सिस्टर, जागा हुकली ती तिच्या भाचीची, आणि पुरावा पुसला गेला. तिने एक उपाय काढला. पाळीवर आली की पर्स ठेवायच्या आधी मोबाइल काढायचा आणि फळ्याचा फोटो घ्यायचा. जाताना पुन्हा एक. ती हे लपूनछपून करत नव्हती, उलट सगळ्यांना दिसेल असं करत होती.

त्याचा परिणाम असा झाला की फळ्याने तोंडाला कुलूप लावलं. हे फोटो मॅनेजरकडे जातात याबद्दल स्टाफची खात्रीच पटली. रेडिओ गेला, जावई गेला. आता सगळीकडे तीच धुतल्या तांदळासारखी अक्षरं: 'ठीक.' 'जेवण झालं.' 'तक्रार नाही.' जे लिहायचं ते लोक एकमेकांच्या कानात सांगायला लागले, आणि नव्या सिस्टरच्या कानापर्यंत ते येत नव्हतं. ती आली की जिन्यातली कुजबुज थांबायची. ती चहाचा कप धुऊन मगच वापरायची. एकाच खोलीत जेवायला बसून दोन्ही बाजू एकमेकींच्या डब्याकडेसुद्धा बघत नव्हत्या.

असे काही आठवडे गेले. नऊ नंबरमध्ये एक नव्या आजी आल्या होत्या. गोऱ्या, हसतमुख, कशालाही "छान आहे हो" म्हणणाऱ्या. फळ्यावर त्यांच्यापुढे रोज एकच शब्द असे: 'तक्रार नाही.' नवी सिस्टर रोज त्याचा फोटो घेत होती, आणि रोज आजींना विचारतही होती. त्या हसून म्हणायच्या, काही नाही हो, तुम्ही तुमचं काम करा.

एका सकाळी ती आणि मामा मिळून चादरी बदलत होते. मामांनी आजींना आधार देऊन खुर्चीत बसवलं. त्या बसताना हसल्या. मामा चादर झटकता झटकता स्वतःशीच पुटपुटले, "ही तर तिकीटवाली आहे."

नव्या सिस्टरचे कान टवकारले गेले. आधी तिला वाटलं, हे आपल्यालाच म्हणतायत. तिने चादर खाली ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"मामा, काय म्हणालात?"

"काही नाही."

"मला म्हणालात?"

"तुम्हाला कशाला म्हणू?" मामांनी तिच्या हाताकडे बघितलं. मोबाइल खिशात होता. "फोटो काढणार नाही ना?"

ती नाही म्हणाली. मग मामांनी दबक्या आवाजात सांगितलं. फार पूर्वी इथे एक आजी होत्या, जन्मभर रेल्वेच्या तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या. समोर कोणीही आलं की हसायचं, ही सवय अंगात इतकी मुरलेली, की पडून खुब्याचं हाड मोडलं तरी त्या हसतच होत्या. विचारलं की म्हणायच्या, सगळं व्यवस्थित. चार-पाच दिवस कोणाला पत्ता लागला नाही. "म्हणून आम्ही तसं माणूस आलं की लिहायचो, तिकीटवाली," मामा म्हणाले. "म्हणजे हसण्यावर जाऊ नका, अंग बघा. आता कोण लिहितंय."

नवी सिस्टर आजींपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्यांचे मोजे उतरवले. आजी "राहू द्या हो" म्हणत हसत होत्या. डाव्या पायाची टाच काळीनिळी पडली होती आणि मागच्या बाजूला कातडी फुटून जखम आत गेली होती. तिने बोट लावलं तेव्हाही आजी हसल्याच, फक्त खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं पांढरी झाली. डॉक्टर आले. त्यांचं म्हणणं पडलं, की अजून थोडे दिवस गेले असते तर पायावर बेतलं असतं.

त्या दुपारी पाळी संपल्यावर नवी सिस्टर घरी गेली नाही. ड्यूटी रूममध्ये मोठ्या सिस्टर एकट्याच बसून टाचणीने मार्करचं टोक मोकळं करत होत्या. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि सरळ विचारलं, की असं कोड्यात का लिहिता.

"कोडं कसलं त्यात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "एवढासा फळा. त्यावर 'बाई हसते पण तिला दुखत असतं, विचारून सांगणार नाही, पाय बघा, पाठ बघा' एवढं मी कुठे लिहू? आणि लिहिलं तरी रोज कोण वाचेल? तिकीटवाली म्हटलं की ती बाई उभी राहते डोळ्यांपुढे. मग हात आपोआप मोजे काढायला जातो."

"ज्याने ती बाई बघितली त्याचा हात जातो. मी नव्हती बघितली."

मोठ्या सिस्टर टाचणी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, की पोस्टमन गेला तेव्हा इथला प्रत्येक जण त्याच्या शोधात कालव्यापर्यंत गेला होता, त्यामुळे हा शब्द कोणाला माहीत नसेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. भाचीचं नाव त्यांनी स्वतःहून काढलं. राग होता, म्हणाल्या, पण त्यापायी म्हातारा माणूस रस्त्यावर सोडण्याइतकी मी गेले नाही.

"आणि फळा?"

"मीच पुसला. मुलगा येणार होता. त्याने 'पोस्टमन' वाचून विचारलं असतं, की हा कोण, आणि मग कालव्याची गोष्ट बाहेर आली असती. आश्रम बंद पडला असता."

"पण ती गोष्ट दुसऱ्या दिवशी बाहेर आलीच."

"मामांनी काढली," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मी सांगितलं नसतं."

नव्या सिस्टरने हे ऐकून घेतलं. तिला ते अर्धं पटलं. पुसताना आश्रमाचा विचार असेल, पण स्वतःचाही असेल, आणि पुसल्यावर कोणावर बोट जाणार हे काय त्यांना कळत नव्हतं? तिने ते बोलून दाखवलं नाही. उरलेली अर्धी शंका तिने मनाशीच ठेवली, आणि ती पुढेही कधी फिटली नाही. दोघी नंतर बरीच वर्षं बरोबर काम करत होत्या, एकीच्या आजारपणात दुसरीने पाळ्या केल्या, तरी मोठ्या सिस्टरांनी दिलेला कागद नवी सिस्टर दोनदा वाचायची आणि त्यांना ते दिसायचं.

पण त्या दुपारी तिने एक मागणं मागितलं. शब्द परत लिहा, मी फोटो काढणार नाही. मात्र ज्यांची नावं लिहिता, त्या सगळ्यांच्या गोष्टी मला सांगा. आणि यापुढे जो कोणी नवा येईल, त्याच्या हातात जाळीच्या दाराची किल्ली द्यायच्या आधी त्यालाही सांगा.

मोठ्या सिस्टरांना आधी ते लांबण वाटलं. पण नऊ नंबरच्या आजींचा पाय त्यांनी स्वतः बघितला होता. त्यांनी मामांना हाक मारली आणि तिघं बसली. रेडिओ म्हणजे एक जुने आजोबा, तीच गोष्ट सारखी सांगायचे आणि मधेच तोडलं तर बिथरायचे. तेव्हा रेडिओ लिहिलं की बोलू द्यायचं, वाद घालायचा नाही. जावई म्हणजे एकाचा जावई दर भेटीत गुपचूप मिठाया आणायचा, म्हणजे ज्याला बाहेरून कोणी तरी नको ते खायला देतंय तो. आठ नंबरच्या आजींना त्यांची बहीण खाऊ घालत होती. सांगता सांगता मोठ्या सिस्टर आणि मामा यांचंच एका गोष्टीवरून जुंपलं. पोस्टमनची पिशवी रिकामी होती की तिच्यात जुनी वर्तमानपत्रं होती, यावर दोघांचं काही केल्या जुळेना. नवी सिस्टर बघत राहिली. इतकी वर्षं एकच शब्द लिहिणाऱ्या दोघांच्या डोक्यातही माणूस थोडा वेगवेगळाच होता.

पुढे नवीन माणूस लागलं की या गोष्टी सांगायचं काम आपसूक तिच्याकडेच आलं. ती त्या रंगवून सांगत नसे. माणूस कोण होता, काय झालं, आणि शब्द दिसला की काय करायचं, एवढं. सांगून झालं की समोरच्याला उलट विचारायची, "आता तुम्ही सांगा, पोस्टमन म्हणजे काय?" काही जणांना हे अपमानाचं वाटे. ती म्हणायची, वाटू दे.

घड्याळवाल्या आजोबांचा हात जुळून आला, पण बोटं पूर्वीसारखी वळेनात. तिने स्वतःचं मनगटी घड्याळ त्यांच्याकडे दुरुस्तीला दिलं, ते त्यांना उघडता आलं नाही. ते म्हणाले, उद्या या. ती रोज जात राहिली, ते रोज उद्या म्हणत राहिले, आणि दोन वर्षांनी ते गेले तेव्हा घड्याळ त्यांच्या उशीखाली होतं. त्यांच्या मुलाने ते तिला परत आणून दिलं. आपण दार उघडलं नसतं तर, हा विचार तिला कोणी न सांगता येत असे आणि त्यात ती कोणावर संशय घेऊ शकत नव्हती.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्यावर ती मुख्य नर्स झाली. तरी नाव नव्या सिस्टरच राहिलं. त्यानंतरची गोष्ट. ती चार दिवसांची रजा संपवून आली आणि फळ्यावर वाचलं: 'चार – नव्या सिस्टर.'

मधल्या काळात चार नंबरमध्ये कोणी तरी आलं होतं एवढं तिला कळलं. पण पुढे आपलं नाव कशाला? आपण चार नंबरकडे जायचं, की चार नंबरने आपली तक्रार केली? अक्षर नुकत्याच कामाला लागलेल्या मुलीचं होतं. तिने मामांना विचारलं. मामा आता केवळ सवयीने कामावर येत. त्यांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं, मग दुसरीकडे बघत सांगितलं.

"संशयी माणूस आहे. औषधाची प्रत्येक गोळी उलटीसुलटी करून बघतो. कशाची ते सांगितल्याशिवाय गिळत नाही."

"आणि असं कधीपासून लिहितात?"

"झाली असतील काही वर्षं. तुम्ही रजेवर असलात की."

म्हणजे आपल्या मागे हे चालतं. नव्या मुलांना आपली गोष्ट कोण सांगत असेल, काय सांगत असेल, साखरेची सांगत असेल का. तिने मामांना विचारलं, की हा शब्द दिसला की करायचं काय असतं.

"घाई करायची नाही," मामा म्हणाले. "खोटं सांगायचं नाही. विचारेल तितक्या वेळा उत्तर द्यायचं. एवढंच."

मग ती औषधांचा ट्रे उचलून चार नंबरमध्ये गेली. खाटेवर एक सडपातळ गृहस्थ बसले होते, बहुधा कुठल्या तरी ऑफिसात जन्म घालवलेले. त्यांनी ट्रेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पांढरी गोळी बोटांत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेली.

"ही कशाची?"

तिने सांगितलं. मग पिवळीबद्दल विचारलं, तेही सांगितलं. गुलाबी काल लहान होती, असं ते म्हणाले. तिने पाकीट आणून त्यावरची अक्षरं दाखवली, कंपनी बदलली होती.

"तुम्ही माझ्या जागी असतात तर घेतली असती?" त्यांनी विचारलं.

"इतक्या लवकर नाही," ती म्हणाली. "मी अजून दोन गोष्टी विचारल्या असत्या."

त्यांनी त्या दोन्ही विचारल्या. तिने खुर्ची ओढून घेतली आणि सांगत बसली. बाहेर व्हरांड्यात दुपारच्या चहाची गाडी खडखडत आली, थांबली आणि पुढे निघून गेली, तरी तिचं सांगणं चालूच होतं.